पारा कुणाच्या नावाने चढतो

४ जानेवारी

प्रिय मुंगी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला गृहपाठ दिलाय. रोज एक पान हाताने लिहायचं आणि अक्षर मोठं काढायचं. कंपवातात हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण अक्षर बारीक होत जातं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओळीच्या सुरुवातीला मी हत्ती काढतो आणि ओळ संपेपर्यंत त्याची मुंगी होते. म्हटलं, मग मुंगीलाच लिहावं. फोनवर तसाही माझा आवाज तुला ऐकू येत नाही. तू नुसतं 'हो हो' म्हणतेस, ते मला कळतं.

तू सांगितलंस म्हणून त्या मेंदूच्या प्रयोगात नाव घातलं. पहिली पाळी परवा झाली. एमआरआयच्या बोगद्यात आडवं घालतात, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा कोंबतात आणि डोळ्यांवरच्या आरशात एक पडदा दिसतो. पडद्यावर तापमापकासारखी उभी नळी, आत लाल पारा. आपण मनात आनंदाची आठवण आणायची. मेंदूतला अमुक एक कोपरा जागा झाला की पारा चढतो, पेंगला की उतरतो. कशाने चढतो हे बघत बघत आपलं आपणच शिकायचं. गोळी नाही, सुई नाही. वय झालं की, आणि त्यात हे दुखणं असलं की, मन कोमेजतं आणि डोकं मंद होतं म्हणे. त्यावर याचा काही उपयोग होतो का, ते त्यांना बघायचंय.

काकूला सांगितलं तर म्हणाली, "जन्मभर तुमचा पारा खाली ठेवता ठेवता माझे केस पांढरे झाले, आणि आता ही माणसं तो चढवायला शिकवणार!"

मला मात्र हे काम आवडलं. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, वर-खाली जाणाऱ्या वस्तूशी माझं जमतं. शिवाय नशीबही बघ. त्यांनी आधीच सांगितलं होतं की माणसांचे दोन गट आहेत, एकाला स्वतःचा पारा मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही, आणि आपण कुठल्या गटात ते शेवटपर्यंत कुणी सांगणार नाही. पुढे पानंच्या पानं मजकूर होता. तू सुचवलंयस म्हटल्यावर वाचायचं काय, सही ठोकली. आणि पहिल्याच दिवशी मला पारा दिसला! म्हणजे मी खऱ्या गटात. ते दुसरे बिचारे कोऱ्या पडद्याकडे बघत पडत असतील.

अक्षर बारीक झालं, बाई ओरडतील. थांबतो.

तुझा,
काका


११ जानेवारी

प्रिय काका,

वीजबिलाच्या खाली तुमचं पत्र सापडलं आणि खरंच दचकले. मग उभ्या उभ्या दोनदा वाचलं. अक्षर छान आहे, शेवटच्या चार ओळी सोडून.

मी याच प्रयोगात काम करते हे तुम्हाला माहीत आहे. फक्त माझं टेबल दुसऱ्या शहरात आहे. चार केंद्रांवरून माझ्याकडे आकडे येतात, माणसं येत नाहीत. तुमचा क्रमांक कोणता ते मला ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायचंही नाही. तेव्हा गटांबद्दल मला काही विचारू नका, आणि तुम्हीही अंदाज बांधत बसू नका.

एक विनंती. तिथे कुणाला मी तुमची पुतणी आहे हे बोलू नका. नात्यातलं माणूस प्रयोगात आलं तर आम्ही ते वर कळवायचं असतं. कळवलं की मला यातून बाजूला करतील. हे काम मी पहिल्यापासून उभं केलंय, मधेच दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होत नाही. तसं यात कुणाचं काही बिघडत नाही.

पारा कशाने चढतो ते मात्र मला नक्की लिहा. काकूच असणार! कळलं की तिला भाव खायला एक कारण मिळेल.

तुमची,
मुंगी


२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

तू विचारलंस म्हणून लिहितो. काकूशी फोनवर यातलं अवाक्षर काढू नकोस.

पहिल्या दोन पाळ्या मी काकूलाच डोळ्यांसमोर आणलं. आमच्या या घराची किल्ली हातात आली तो दिवस. तळ्यात मला पोहायला शिकवताना माझी हनुवटी धरून ती हसत सुटली होती, ते. पारा तळमजल्यावरच. कधी दोन पायऱ्या चढला तर चढला.

तिसऱ्या पाळीला दमलो होतो. मन घसरलं आणि भलतीकडेच गेलं. लग्नाआधी कंपनीने मला एका उंच इमारतीच्या गच्चीवर खोली दिली होती, लिफ्टच्या यंत्रघराला लागून. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीतून आभाळाशिवाय काही दिसत नसे. भिंतीपलीकडचं चाक फिरायला लागलं की कळायचं, कुणीतरी घरी आलं. इमारतीत कोण कधी येतं ते मला पडल्या पडल्या कळायचं, आणि मी आहे की नाही याचा कुणाला पत्ता नसायचा. कुठे गेला होतास, का उशीर झाला, जेवलास का, कोणी विचारायला नाही. त्या खाटेवर पालथं पडून मी चाकाचा आवाज ऐकत होतो, आणि काय सांगू! पारा मधेच अडकला, खाडकन तळाला गेला आणि एकदम उसळून थेट टोकाला जाऊन थरथरत राहिला.

पुढच्या पाळीला मी तपासून पाहिलं. बिघाड शोधताना आम्ही हेच करायचो, एक तार जोडायची, बघायचं, ती काढून दुसरी जोडायची. काकूचा विचार केला, पारा खाली. खोलीचा केला, वर. एकदा चुकलं, पण बाकी प्रत्येक वेळी तसंच.

मुंगी, ती रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावते. मी रस्त्यात पाय चिकटल्यासारखा थांबलो की ती माझ्यापुढे स्वतःचं पाऊल आडवं ठेवते, ते ओलांडायचं म्हटलं की माझा पाय सुटतो. लोक बघतात, तिला काही वाटत नाही. आणि माझ्या मेंदूला विचारलं तर त्याला कोण हवंय? कोणीच नको! ती बटण लावत असते आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवत नाही. जन्मभर मी हिला फसवलं आणि मलाच पत्ता नव्हता.

काका


१० फेब्रुवारी

प्रिय काका,

तुमचं पत्र कामाच्या पिशवीत घेऊन फिरतेय. उत्तर लिहायला बसते आणि फाडते.

पारा म्हणजे मन नव्हे. आम्ही मेंदूचा एक चिमुकला कोपरा बघतो, तोही रक्त किती धावलं त्यावरून. यंत्र फसतं. माणसाने जरा मान हलवली, खोकला आला, तरी फसतं. तुमचा पारा उसळला तेव्हा तुम्ही खोकला होतात का? शिंकलात का? आठवून बघा ना.

आणि काकूची आठवण तुमच्या रोजच्या सवयीची आहे. रोजच्या माणसाने मेंदू उसळत नसेल, म्हणून ते माणूस नको असतं असं नाही. इतका विश्वास ठेवू नका त्या लाल रेघेवर. मी त्यात काम करते म्हणून सांगते.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. काही गोष्टी नोकरीच्या आहेत. दोनच पाळ्या राहिल्यात, तेवढ्या शांतपणे पार पाडा. मग आपण सविस्तर बोलू. काकूला काही बोलू नका, माझी शपथ आहे.

मुंगी


२८ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

शिंकलो नव्हतो. खोकलोही नव्हतो. मी आठवून आठवून बघितलं. तुझा जीव मोठा आहे, काकाला वाईट वाटू नये म्हणून यंत्रालाच खोटं पाडतेस. पण मी खऱ्या गटातला माणूस. मला फुंकर घालू नकोस.

तुझी शपथ मोडली. माझा नाइलाज झाला. ती बटणं लावत होती आणि सहज म्हणाली, "आत बोगद्यात काय आठवता हो? मला आठवता की नाही?" या दुखण्याने माझा चेहरा दगडासारखा झालाय, त्यावर काही उमटत नाही. मनात आणलं असतं तर हो म्हणून सुटलो असतो. नाही जमलं. सगळं सांगितलं. खोली, खाट, चाक.

तिने खालचं बटण लावून पूर्ण केलं. मग विचारलं, "त्या खोलीत कोण होतं?"

"कुणीच नाही."

"कुणी असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

आणि चहा टाकायला गेली.

तेव्हापासून बोलतो आम्ही, पण जपून. ती त्या खोलीबद्दल मधूनमधून विचारते. खिडकी कुठल्या बाजूला होती, थंडी वाजायची का. मीही मूर्खासारखा सांगत बसतो आणि सांगून झालं की लाज वाटते. ही बाई माझी दाढी करते, मी हिला माझ्या सुखाच्या गोष्टी सांगतोय, आणि त्यात ही कुठेच नाही.

मी एक ठरवलंय. गावाबाहेर म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे, बरा आहे, जाऊन आलो. तिथे मदतीला माणसं असतात. प्रेम नसताना कुणाकडून एवढी सेवा करून घेणं म्हणजे चोरीच. तिचेही गुडघे गेलेत. तिला सांगितलं की मला तिथलं मोकळं वातावरण आवडलं. 'बरं' म्हणाली.

अक्षर बघ. भिंग घे हाताशी.

काका


६ मार्च

काका,

जाऊ नका. एवढंच ऐका. शेवटची पाळी होईपर्यंत कुठलाही निर्णय घेऊ नका. पाळ्या संपल्या की मी रजा काढून येते आणि समोर बसून सगळं सांगते. आत्ता सांगितलं तर तुमची आधीची मेहनत फुकट जाईल आणि बाकीही बरंच काही. थोडं थांबा. माझ्यासाठी थांबा.

मुंगी


२० मार्च

प्रिय मुंगी,

नवा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. तू थांब म्हणालीस, पण खोली रिकामी झाली होती आणि ती दुसऱ्याला गेली असती. शिवाय जे करायचं ते धीर आहे तोवर केलेलं बरं.

जागा छान आहे. भिंती फिक्या हिरव्या, सगळीकडे धरायला दांडे, जेवणात मीठ नाही. शेजारी एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते मला रोज नव्याने ओळख करून देतात. मला स्वतंत्र खोली आहे. खाट, खुर्ची, खिडकी. म्हणजे बघ, मेंदूला हवं होतं ते मिळालं, आता त्याने पारा चढवावा! पण चढत नाही. मी पडून राहतो आणि बाहेर कुणाची चप्पल वाजली की कान टवकारतो.

तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो. परवा न्हाणीघराच्या दारात पाय चिकटले. उंबरठा आला की मला हे होतं. समोर आडवं ठेवायला काकूचं पाऊल नव्हतं, मदतनीस दुसऱ्या खोलीत होता, मी आपलाच जोर लावला आणि तोंडावर पडलो. कपाळाला टाके पडलेत. बाकी ठीक. शेवटची पाळी त्यामुळे हुकली, केंद्रातल्या मुलीला माझ्यातर्फे सॉरी सांग. नाही, तू कशी सांगणार, आपलं नातं तिथे कुणाला ठाऊकच नाही.

काकूला टाक्यांचं कळवलेलं नाही. तूही कळवू नकोस.

काका


२४ मार्च

प्रिय काका आणि काकू,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतेय. काकू, तू हे उघड, वाच आणि आजच्या आज काकांकडे जा. ते पडलेत. कपाळाला टाके आहेत. तुला कळवू नको म्हणाले होते. मी बराच काळ कळवायच्या गोष्टी कळवल्या नाहीत. त्यातून हे झालं.

काका, तो पारा तुमचा नव्हता.

दुसऱ्या गटाला कोरा पडदा दाखवत नाहीत. त्यांनाही नळी दिसते, पारा दिसतो, चढतो, उतरतो. फक्त तो दुसऱ्याच कुणाचा असतो, आधी टिपून ठेवलेला. यंत्रात पडून नुसत्या आशेवर माणसाला बरं वाटतं की स्वतःचा पारा बघून, हे कळायला तसं करावं लागतं. तुम्ही सही केलीत त्या पानांवर हे लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलं नाहीत, आणि पहिल्याच पत्रातून मला कळलं होतं की तुमचा गैरसमज झालाय. मला गंमत वाटली होती तेव्हा. अंदाज बांधू नका, एवढंच लिहून मी मोकळी झाले.

ते टिपून ठेवलेले पारे तयार करायचं काम माझं आहे. मधे अडकला, तळाला गेला आणि उसळून टोकाला थरथरत राहिला, असा पारा एकच आहे. मी तो ओळखते. त्या माणसाला शिंक आली होती, डोकं हललं आणि यंत्र फसलं. ती उसळी काढून टाकावी का यावर आमच्याकडे चर्चाही झाली होती, आणि जसं टिपलं तसं राहू दे, असं मीच म्हटलं होतं. पुढच्या पाळीतला पाराही त्याचाच. तुम्ही काकूला आठवत होतात तेव्हा तो त्याच्या कारणाने उतरत होता, तुम्ही खोलीत होतात तेव्हा त्याच्या कारणाने चढत होता.

तुमचं काकूवर प्रेम आहे की नाही याचा निकाल एका अनोळखी माणसाच्या शिंकेने लावला. आणि दुसरं पत्र आलं तेव्हापासून मला हे माहीत होतं. मी तुम्हाला 'शिंकलात का' असं विचारलं, म्हणजे तुम्हीच ओळखाल आणि मला सांगावं लागणार नाही. इतकी मी हुशार! सांगितलं असतं तर मला तुमचं नातंही सांगावं लागलं असतं, आणि काम हातातून गेलं असतं. मी मनाशी म्हणत होते, पाळ्या संपू देत, मग सांगू. तुम्ही घर सोडून निघालात तरी मी पाळ्याच मोजत होते.

आज आमच्या प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "तुमच्या काकांना कोणी सांगितलं का?" एवढंच विचारलं, आणि मी हे पत्र लिहायला बसले. तुमचे आकडे प्रयोगातून काढतील. मलाही काढलंय, ते योग्यच झालं.

माफी मागते म्हणायचीही लाज वाटते. काकू, आधी जा.

मुंगी


५ एप्रिल

प्रिय मुंगी,

शिंक!

मी पोटातून इतका हसलो की खाट हलली. तुझं पत्र काकूने मला निवासातल्या खाटेवर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. पोस्टमन दारात उभे राहून ऐकत होते, त्यांनाही फार आवडलं. वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी घातली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शर्ट उलटा घातलाय." मग पिशवी भरायला घेतली. मी म्हटलं, "अगं, पारा माझा नव्हता म्हणून काही सिद्ध होत नाही." ती म्हणाली, "सिद्ध करायला मी काय कोर्टात बसलेय? पाय उचला."

दारात पाय चिकटले. तिने पाऊल आडवं ठेवलं. आलो घरी.

तू स्वतःला खात बसू नकोस. मी न वाचता सही केली, मीच माझ्या मेंदूचा मेकॅनिक झालो, मीच घर सोडलं. तुझा वाटा त्यात लहान. आणि मला किती हलकं वाटतंय ते तुला कळायचं नाही. काकूला स्वच्छ सांगून टाकलं की ती खोलीबिली सगळी यंत्राची थाप होती, मनातून काढून टाक. ती 'बरं' म्हणाली. मी सुटलो, मुंगी. आता मान वर करून तिच्याकडे बघता येतं.

त्या शिंकणाऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार कळव. रुमाल जवळ ठेवा म्हणावं.

दुसरं काम मिळेल तुला. मिळेपर्यंत इकडे ये.

तुझा,
काका


२२ एप्रिल

चि. मुंगी,

मी पत्र लिहिणारी बाई नाही, तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते. हे पत्र ह्यांना ठाऊक नाही. उत्तर पाठवू नकोस.

ह्यांनी तुला एका ओळीत माफ केलं. त्यांचं ते असंच. मी अजून केलेलं नाही. त्या कपाळावर आता खूण राहणार, आणि रोज दाढी करताना मला ती दिसते. तुला जे माहीत होतं ते ह्यांना लिहिता येत नव्हतं, ठीक आहे, तुझी नोकरी. पण मला लिहिता आलं असतं. दोन ओळी. पत्ता तर तोच होता. तू ह्यांना सांभाळत होतीस की स्वतःचं टेबल, हे तुझं तू ठरव. कधीतरी माझा राग जाईल. गेला की कळवीन.

आता दुसरं. हे तुलाच सांगावं लागतंय, कारण दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

पारा खोटा होता. खोली खोटी नव्हती.

ह्यांचा चेहरा गेली कितीतरी वर्षं हललेला नाही. नातेवाईक येतात, विनोद करतात, हे मनात हसतात पण तोंडावर काही नाही. मी सवय करून घेतली होती. ते मला त्या खोलीबद्दल सांगायला लागले, चाकाबद्दल, आभाळाबद्दल, तेव्हा भुवया वर गेल्या, मुंगी. ओठाचा एक कोपरा हलला. पहिल्यांदा मला वाटलं भास झाला. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, खिडकी कुठे होती, थंडी वाजायची का. त्यांना वाटायचं मी जखम कुरतडतेय. मी त्यांचं तोंड बघत होते. माझ्याशी लग्न करायच्या आधीचा तो पोरगा मी कधी पाहिला नव्हता.

राग आला का? आला. फार आला. इतकी वर्षं मी 'कुठे होतात', 'जेवलात का' विचारत आले, आणि तेच ह्यांना नको होतं. कुणी कधी बोललं नाही, मी कधी विचारलं नाही. मग हे निवासात निघून गेले, तेव्हा मी अडवलं नाही. वाटलं, हवं आहे ना एकटं, घ्या. ती माझी चूक. त्या टाक्यांत तुझा वाटा आहे तसा माझाही आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता हे खोलीचं नाव काढत नाहीत. यंत्राची थाप म्हणतात आणि माझ्याकडे बघून खूश असतात. मीही 'बरं' म्हणते. तूही कधी त्यांना खरं-खोटं सांगायला जाऊ नकोस. सुटल्यासारखं वाटतंय तर वाटू दे.

पण मला झोप येईना. म्हणून मागची खोली रिकामी केली. खाट खिडकीला लावली. गुरुवारी दुपारी मी सांगते की बहिणीकडे जाऊन येते, तासाभराचं काम आहे. जेवलात का वगैरे काही विचारत नाही. बाहेरून दार ओढून घेते. आपली लिफ्ट जुनी आहे, खडखडते, आणि ह्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून मी लिफ्ट वर बोलावते, आत हात घालून तळमजल्याचं बटण दाबते, जाळी ओढते आणि रिकामीच खाली पाठवते. मग चपला हातात घेऊन जिन्यात बसते. पडले तर आवाज येईल इतक्या जवळ.

अजून पडले नाहीत. एकदा आतून गुणगुणल्यासारखं आलं.

रिकाम्या लिफ्टचा आणि माणूस असलेल्या लिफ्टचा आवाज वेगळा असतो, असं हे पूर्वी शिकाऊ पोरांना सांगायचे. मी विसरले होते, काल जिन्यात बसल्यावर आठवलं. तसं असेल तर ह्यांना पहिल्या गुरुवारपासून कळलेलं आहे. काही बोललेले नाहीत. मीही विचारलेलं नाही.

काकू